पापण्यांची सौंदर्यशस्त्रक्रिया : तपासणीपासून व्रण विरेपर्यंत

पुरेशी झोप होऊनही 'झोप झाली नाही का?' असा प्रश्न रोज ऐकावा लागणे, ही पापण्यांच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला येणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. या एका तक्रारीमागे निदान पाच वेगळी कारणे असू शकतात : वरच्या पापणीची कातडी सैल होऊन घडीवर ओघळणे, पापणी उचलणारा स्नायू ढिला पडणे, भुवई खाली येणे, खालच्या पापणीतील चरबी पुढे फुगणे आणि डोळ्यांभोवतीची त्वचा काळवंडणे. यांपैकी पहिल्या आणि चौथ्या कारणावरच ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे पापणीची जादा कातडी काढण्याची आणि चरबी काढण्याची किंवा सरकवण्याची शस्त्रक्रिया, हा सरळ उपाय आहे. उरलेल्या तिन्हींत तीच शस्त्रक्रिया केली, तर पैसे जातात, टाके पडतात आणि तक्रार जागच्या जागी राहते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपेक्षा तिच्या आधीच्या तपासणीला आणि नंतरच्या पहिल्या दोन दिवसांना अधिक जागा दिली आहे.

नेमके काय ओघळले आहे?

दिवसाच्या उजेडात, आरशासमोर ताठ बसून, कपाळ सैल सोडून सरळ पाहावे. भुवईवर बोट ठेवून ती हाडाच्या कडेपर्यंत अलगद वर उचलली आणि पापणीवरची जादा घडी जवळजवळ नाहीशी झाली, तर मूळ दुखणे भुवईचे आहे. अशा व्यक्तीच्या पापणीची कातडी काढली, तर भुवई आणि पापणी यांतले अंतर आणखी कमी होते आणि चेहरा अधिकच जड दिसू लागतो. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पापणीचा भार वाढला की माणूस नकळत कपाळाच्या स्नायूने भुवया वर धरून ठेवतो, आणि कपाळावरच्या आडव्या आठ्या त्यातूनच खोल होत जातात. शस्त्रक्रियेनंतर तो भार हलका झाला की कपाळ विसावते आणि भुवई थोडी खाली येते. डॉक्टरांनी हे आधी समजावून सांगितले नसेल, तर 'डॉक्टरांनी कातडी कमीच काढली' असा समज होतो.

भुवई उचलूनही फरक पडत नसेल, तर पापणीची कड पाहावी. वरची पापणी साधारणपणे बुबुळाच्या वरच्या कडेचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. कडच त्याहून खाली, बाहुलीच्या जवळ आलेली असेल, तर दोष पापणी उचलणाऱ्या स्नायूत आहे. वैद्यकीय भाषेत याला टोसिस म्हणतात आणि त्यावरची शस्त्रक्रिया वेगळी असते, कारण तिच्यात कातडी काढण्यापेक्षा स्नायूचा ताण दुरुस्त करणे महत्त्वाचे असते. अनेक वर्षे कठीण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही असे घडू शकते. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळपर्यंत उतरत असेल किंवा दिवसाअखेर एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजाराची तपासणी आधी करावी. आणि एकाच बाजूची पापणी अचानक पडली, सोबत डोके दुखू लागले, दोन-दोन दिसू लागले किंवा दोन्ही बाहुल्यांचा आकार वेगळा दिसू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे सौंदर्याचा प्रश्नच उरत नाही.

खालच्या पापणीबाबत गोंधळ अधिक होतो. नजर वर नेली की फुगवटा ठळक होत असेल, तर तो बहुधा चरबीचा असतो. खालच्या पापणीमागे चरबीचे तीन कप्पे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा पडदा वयानुसार, काही घराण्यांत तर विशीतच, सैल पडतो. सकाळी फुगलेले आणि दुपारपर्यंत ओसरणारे डोळे मात्र चरबीपेक्षा पाण्याची सूज दाखवतात. त्यांच्यासाठी आहारातले मीठ, ॲलर्जी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांचा विचार आधी करावा लागतो. गालाच्या हाडावर, म्हणजे पापणीच्याही खाली दिसणारी लोंबती सूज ब्लेफरोप्लास्टीने जात नाही.

काळ्या वर्तुळांबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ती फार आढळतात आणि त्यांच्या नावाखाली शस्त्रक्रिया विकलीही जाते. चेहरा छताच्या दिव्याकडे वर करून आरशात पाहावे. काळेपणा बराच कमी झाला, तर ती फुगवट्याची किंवा खळगीची सावली होती आणि चरबीची मांडणी बदलून ती सुधारू शकते. उजेड समोरून पडूनही काळेपणा तसाच राहिला आणि त्वचा हलकेच ताणल्यावर तो तिच्याबरोबर सरकला, तर तो त्वचेतला रंग आहे. कातडी कापून रंग जात नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कोणाकडे जावे, काय विचारावे

ही शस्त्रक्रिया करण्याचे प्रशिक्षण दोन वाटांनी मिळते. एक, शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवीनंतर प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा त्या तोडीची पदवी. दुसरी, नेत्रशल्यचिकित्सेत एमएस किंवा डीएनबी करून नंतर ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या, अश्रुमार्ग आणि नेत्रखोबण यांच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण. दोन्ही वाटा योग्य आहेत. टोसिसची शंका असेल किंवा डोळे मुळातच कोरडे असतील, तर माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने झुकते. डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतील किंवा आपल्या राज्याच्या परिषदेतील नोंदणी क्रमांक विचारून पडताळून पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी शल्यचिकित्सकाची पात्रता सिद्ध करत नाही.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माझ्या तक्रारीचे नेमके कारण कोणते आहे, कातडी, स्नायू आणि चरबी यांपैकी काय काढणार किंवा हलवणार आहात, आणि रात्री दोन वाजता डोळा दुखू लागला, तर फोन कोण उचलणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम मिळाले, तर दुसरे ठिकाण शोधावे.

खर्चाचे थोडक्यात. भारतातील आरोग्य विमा पॉलिसींत केवळ रूप बदलण्यासाठी केलेले उपचार वगळलेले असतात. ओघळलेल्या कातडीमुळे वरची नजर झाकली जात असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी एकदा पापणी सोडून आणि एकदा ती चिकटपट्टीने वर धरून करतात. हे अहवाल, छायाचित्रे आणि डॉक्टरांचे पत्र जोडून विमा कंपनीकडे शस्त्रक्रियेपूर्वीच लेखी विचारणा करावी. निव्वळ सौंदर्यशस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून मिळालेला आकडा करासह आहे की करावेगळा, हेही विचारून घ्यावे.

डोळ्यांची आणि शरीराची तपासणी

दृष्टी, डोळ्यांचा दाब आणि अश्रूंचे प्रमाण या तीन नोंदी शस्त्रक्रियेपूर्वी झाल्याच पाहिजेत. अश्रूंसाठी शिर्मर चाचणी करतात. खालच्या पापणीत कागदाची अरुंद पट्टी पाच मिनिटे अडकवून ती किती मिलिमीटर ओली होते, हे पाहिले जाते, आणि दहापेक्षा कमी आकडा आला तर सावध राहावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पापणी पूर्ण मिटत नाही आणि डोळा लवकर सुकतो. आधीच कोरड्या डोळ्याला हा त्रास महिनोन्‌महिने पुरू शकतो. लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, झालेली असेल, तर बहुतेक शल्यचिकित्सक निदान सहा महिने थांबायला सांगतात.

खालच्या पापणीचा ताण पाहण्यासाठी डॉक्टर ती चिमटीत धरून पुढे ओढतात आणि सोडतात. ती चटकन जागेवर बसली पाहिजे. ती रेंगाळत असेल किंवा पापणी मिचकावल्यावरच जागेवर जात असेल, तर बाहेरच्या कोपऱ्याला आधार देणारा टाका त्याच वेळी घ्यावा लागतो. तो न घेता कातडी काढली, तर पापणी खाली ओढली जाऊन डोळ्याचा पांढरा भाग दिसत राहतो, किंवा पापणी बाहेरच्या बाजूला वळते.

रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइड ताब्यात हवेत. थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले असतील, तर तो आजार निदान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय पापणीला हात लावत नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांची यादी प्रामाणिकपणे द्यावी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी औषधे हृदयासाठी किंवा मेंदूसाठी चालू असतील, तर ती स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. तो निर्णय ज्यांनी औषध दिले, त्या डॉक्टरांचा आहे. गुडघेदुखीवर सहज घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, लसूण, जिन्को किंवा हळदीचा अर्क असलेल्या गोळ्या या मात्र साधारण दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवतात. आमटीतल्या लसणाची आणि हळदीची चिंता नको. प्रश्न एकवटलेल्या अर्काचा आहे. विडी-सिगारेटप्रमाणेच तंबाखू, गुटखा आणि मशेरीही निदान चार आठवडे बंद ठेवावी. मशेरी लावणाऱ्या बायकांना 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर त्या 'नाही' म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटेही नसते. पण निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करून जखम भरणे लांबवते, मग ते कोणत्याही वाटेने शरीरात जावो.

घरात लग्न किंवा मुंज असेल, तर समारंभाच्या निदान दोन महिने आधीची तारीख घ्यावी. धुळवड, गणपती यांसारखे रंग, गुलाल आणि धूळ यांचे दिवस पहिल्या महिन्यात येऊ देऊ नयेत.

शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या रात्री केस धुऊन घ्यावेत, कारण पुढचे काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. चेहऱ्यावर क्रीम, काजळ, पावडर काहीही नसावे. पुढून बटणे असलेला सदरा किंवा कुर्ता घालावा. घरी नेण्यासाठी आणि रात्री सोबत राहण्यासाठी एक जाणते माणूस हवे.

वरच्या पापणीवर छेदाच्या रेषा आखणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो रुग्ण बसलेला असताना होतो, कारण आडवे झाल्यावर कातडी कानाकडे सरकते व भुवईची जागा बदलते. खालची रेषा पापणीच्या नैसर्गिक घडीत असते. स्त्रियांमध्ये ती पापणीच्या केसांच्या ओळीपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर वर आणि पुरुषांमध्ये किंचित खाली येते. वरची रेषा चिमट्याने जादा कातडी पकडून ठरवतात. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत मिळून निदान २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे, तरच डोळा पूर्ण मिटतो. किती काढायचे यापेक्षा किती ठेवायचे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात, त्या पक्ष्मकोप विकारावर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने टाके घालण्याची कृती दिली आहे, आणि तिथेही भुवईखालचे दोन भाग व केसांलगतचा एक भाग सोडूनच छेद घ्यायला सांगितले आहे.

वरच्या पापण्यांना बहुधा जागेवरची भूल पुरते. लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनॅलिन मिसळलेले इंजेक्शन काही सेकंद चांगलेच चुरचुरते. मग रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून सुमारे दहा मिनिटे थांबतात. पुढे कातडी, कधी स्नायूची बारीक पट्टी आणि आतल्या कोपऱ्यातली थोडी चरबी काढून नायलॉनच्या अतिशय बारीक धाग्याने टाके घालतात. दोन्ही बाजूंना मिळून साधारण पाऊण ते एक तास लागतो. रक्तवाहिन्या जाळून बंद करताना येणारा केस जळाल्यासारखा वास आधी माहीत असलेला बरा. चरबी ओढली जाताना डोळ्यामागे खोलवर ताण जाणवला, तर लगेच सांगावे. या ताणाने काहींच्या नाडीचा वेग उतरतो आणि डॉक्टरांना हात थांबवावा लागतो.

खालच्या पापणीत फक्त चरबीचा प्रश्न असेल, तर छेद पापणीच्या आतून घेतात आणि बाहेर व्रण राहत नाही. कातडीही सैल असेल, तर केसांच्या लगेच खाली छेद घ्यावा लागतो. पूर्वी चरबी भरपूर काढत, आणि त्यामुळे काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसत. आता पुष्कळ शल्यचिकित्सक ती काढण्याऐवजी खालच्या खळगीत सरकवून बसवतात. खालच्या पापण्यांसाठी शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल दिली जाते.

पहिले ४८ तास

डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून घरी पाठवत नाहीत आणि घरीही ती बांधू नये, कारण दृष्टी तपासत राहणे हेच या काळातले मुख्य काम आहे. जाग असताना दर दोन-तीन तासांनी एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचून पाहावी. मलमामुळे धूसर दिसेल, पण पापणी मिचकावल्यावर काही काळ तरी स्पष्ट दिसले पाहिजे.

डोळ्यामागे रक्तस्राव होणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत गंभीर धोका आहे. तो साधारण दोन हजारांत एकाला होतो आणि त्यातून कायमची दृष्टी जाणे त्याहून कितीतरी विरळ आहे. पण झाला तर बहुधा पहिल्या २४ तासांत होतो, आणि उपचाराला मिळणारा वेळ तासा-दोन तासांचा असतो. एका डोळ्यात अचानक वाढत जाणारी तीव्र वेदना, दगडासारखी घट्ट सूज, डोळा पुढे ढकलला गेल्यासारखा दिसणे, नजर कमी होणे किंवा दोन-दोन दिसणे, यांपैकी काहीही झाले तर वेदनाशामक घेऊन सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांना फोन करतच नेत्रविभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात निघावे. तिथे बाहेरच्या कोपऱ्यातील बंध कापून दाब लगेच मोकळा करता येतो.

एरवीच्या सुजेसाठी थंड शेक द्यावा. निर्जंतुक गॉज बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळून ठेवावे, किंवा गोठवलेल्या मटारचे छोटे पाकीट स्वच्छ मऊ रुमालात गुंडाळून डोळ्यांवर अलगद टेकवावे. हे दर तासाला दहा-पंधरा मिनिटे, जागे असेपर्यंत करावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. भूल पूर्ण उतरेपर्यंत पापणीला बर्फाचा चटका जाणवतच नाही. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि कुशीवर किंवा पालथे झोपू नये. दुखणे पॅरासिटामॉलने आटोक्यात राहते. त्यावर राहत नसेल, तर ते डॉक्टरांना कळवण्यासारखे आहे.

पहिल्या आठवड्यापासून पुढे

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि गुरुत्वाकर्षणाने काळेनिळे डाग गालावर उतरतात. ते पाहून घाबरू नये. टाक्यांवर दिलेले मलम स्वच्छ हाताने किंवा इअरबडने लावावे आणि खपली ओढू नये. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री जेल हे पापणी नीट मिटू लागेपर्यंत, दोन ते सहा आठवडे, चालू ठेवावे लागतात. गुलाबपाणी, मध, तुळशीचा रस, दूध हे घरचे उपाय कितीही जिव्हाळ्याने सुचवले गेले, तरी उघड्या जखमेत आणि डोळ्यात घालू नयेत.

टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. तोवर वाकण्याचे सगळे प्रकार टाळावेत : केर काढणे, विळीवर बसून चिरणे, पाया पडणे, जमिनीवरची बादली उचलणे. पाच किलोंपेक्षा जड काही उचलू नये. पोट साफ होण्यासाठी कुंथावे लागणेही डोळ्यांवर दाब आणते, त्यामुळे पाणी भरपूर प्यावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावा. फोडणीचा ठसका आणि कांदा चिरणे आठवडाभर घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. वाचन आणि मोबाइल यांनी टाके उसवत नाहीत, पण पडद्याकडे पाहताना पापणी कमी मिचकावली जाते आणि डोळे सुकतात, म्हणून ते थोडे-थोडे करावे.

बसून करायच्या कामावर सात ते दहा दिवसांनी जाता येते, फक्त डोळ्यांखालचे पिवळे डाग दोन आठवड्यांपर्यंत दिसू शकतात. काजळ, आयलायनर आणि कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे नकोत, आणि नंतर काजळाची डबी नवी घ्यावी. दुचाकी चालवताना उडणारी धूळ लक्षात घेता तीही दोन आठवडे टाळलेली बरी. चालणे पहिल्या दिवसापासून चालते. व्यायामशाळा आणि सूर्यनमस्कार तीन आठवड्यांनी सुरू करावेत, तर पोहणे, कपालभाती आणि शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने महिन्यानंतरच.

काही गोष्टी विचित्र वाटल्या तरी अपेक्षित असतात. पापणीच्या कडेला बधिरपणा काही आठवडे राहतो. डोळ्याचा पांढरा भाग जेलीसारखा फुगतो, त्यावर थेंबांचा उपचार होतो. टाक्यांच्या रेषेवर मोहरीएवढे पांढरे दाणे येतात, ते डॉक्टर सुईने सहज काढतात. दोन्ही बाजूंची सूज सारख्या वेगाने उतरत नाही, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आत डाव्या-उजव्याची तुलना करण्यात अर्थ नसतो. याउलट वाढती लाली, पू, ताप, उजेड सहन न होणे किंवा डोळ्यात सतत खडा असल्यासारखे टोचणे, यांसाठी पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबू नये.

व्रण सुरुवातीला गुलाबी किंवा तपकिरी असतो आणि तीन ते सहा महिन्यांत घडीत विरतो. आपल्या त्वचेत उन्हाने तो काळा पडण्याची शक्यता जास्त असल्याने रुंद काड्यांचा गॉगल आणि जखम भरल्यावर सनस्क्रीन वापरणे आवश्यक आहे. व्रणाला मालिश डॉक्टरांनी सांगितली तरच आणि त्यांनी दाखवली तशीच करावी.

निकालाविषयी असमाधान राहिले, तर सहा महिने होण्यापूर्वी दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. सुजेमुळे कोती वाटणारी पापणी पुष्कळदा आपोआप सैलावते. कातडी थोडी जास्त राहिली असेल, तर ती नंतर जागेवरच्या भुलेखाली अर्ध्या तासात काढता येते. ती जास्त गेली असेल आणि डोळा मिटेनासा झाला असेल, तर मात्र दुसऱ्या पापणीची किंवा कानामागची कातडी आणून लावावी लागते, आणि तिचा रंग व पोत शेजारच्या त्वचेशी क्वचितच जुळतो. म्हणून आखणी चालू असताना 'अजून थोडी घ्या' असा आग्रह रुग्णाने धरू नये, आणि धरलाच तर नकार देणारा डॉक्टर निवडावा.